राणीमाशीचे आतडे आणि अंडाशय : प्रकल्प नोंदी, पुणे परिसर

५ सप्टेंबर २०२४

प्रश्न एवढाच: राणीच्या आतड्यातल्या जीवाणूंमुळे तिचे अंडाशय सुधारते किंवा बिघडते, की आधीच खालावलेल्या राणीला दाई माश्या (राणीला भरवणाऱ्या कोवळ्या कामकरी माश्या) कमी भरवतात आणि त्यामुळे तिचे जीवाणू बदलतात? मधपाळांकडून ‘भरपूर अंडी घालणाऱ्या’ आणि ‘मागे पडलेल्या’ राण्या गोळा करून फरक मोजला, तर फरक हमखास दिसेल. पण कारण कुठले आणि परिणाम कुठला हे त्यातून कळणार नाही. वय, खुराक, मिलन आणि वसाहतीची ताकद या चारही गोष्टी त्या फरकात मिसळलेल्या असतात. म्हणून राण्या पहिल्या दिवसापासून स्वतः वाढवायच्या, सगळ्या एकाच आईच्या मुली, आणि फरक ठेवायचा तो फक्त सुरुवातीच्या दिवसांतल्या जीवाणूंचा.

माशी मेलिफेरा (युरोपीय मधमाशी). सातेरी (देशी मधमाशी) या हंगामात नको. तिच्या आतड्यातही स्नॉडग्रासेला, गिलियामेला हे जीवाणूंचे गट असतात, पण त्यांचे वाण तिचे स्वतःचे असतात. दोन जातींचे नमुने एकाच तक्त्यात आले की जातीतला फरक प्रयोगाच्या गटांतला फरक वाटू लागतो.

कामकरी माशी आणि राणी यांच्या आतड्यांत किती अंतर आहे, ते आधी लिहून ठेवू. कामकरी माशीच्या इलियमच्या (मागच्या आतड्याचा पहिला भाग) भिंतीला स्नॉडग्रासेला अल्वी चिकटलेला असतो, त्याच्यावर गिलियामेलाचा थर असतो, आणि गुदाशयात लॅक्टोबॅसिलसचे दोन गट (फर्म-४, फर्म-५) व बायफिडोबॅक्टेरियम दाटीने राहतात. अंडी घालणाऱ्या राणीत स्नॉडग्रासेला जवळपास नसतोच. तिच्यात फर्म-५, एपिलॅक्टोबॅसिलस कुंकीई, बॉम्बेला एपिस आणि कॉमेनसॅलिबॅक्टर सापडतात. राणीचे आतडे वेगळे आहे हे २०१५ मध्ये अमेरिकेतल्या दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. कारण बहुधा खुराकात आहे. कामकरी माशी पराग खाते, राणी जन्मभर राजान्नावर (दाई माश्यांच्या डोक्यातल्या ग्रंथींतून स्रवणारे अन्न, रॉयल जेली) जगते. राजान्न आम्लधर्मी, पीएच ४ च्या आसपास, आणि त्यातली मेदाम्ले व प्रथिने बऱ्याच जीवाणूंना मारक. बॉम्बेला मात्र त्यात तग धरतो.

आजचे काम नरांचे. नराच्या अंड्यापासून प्रौढ माशी व्हायला २४ दिवस लागतात आणि वीर्य पक्व व्हायला पुढे आणखी १२ ते १४. म्हणजे राण्यांचे कृत्रिम रेतन ज्या दिवशी करायचे त्याच्या निदान ४० दिवस आधी नरांच्या मोठ्या घरांची चौकट पिलाव्याच्या (पोळ्याचा अंडी-अळ्यांचा भाग) मधोमध लागली पाहिजे. राणी-उत्पादनात सर्वांत जास्त वेळा चुकते ते हेच गणित. राण्या तयार होतात आणि नर कोवळे निघतात. चौकटी चार वसाहतींत दिल्या, आणि या चारही वसाहती राण्यांच्या आईशी नाते नसलेल्या निवडल्या. कारण पुढे पिलाव्याच्या नोंदीत येईल.

२० सप्टेंबर

परागाचे निर्जंतुकीकरण, दाई माश्यांना त्यातून बाहेरचे जीवाणू जाऊ नयेत म्हणून. ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाचे यंत्र) नको. १२१ अंशांवर पराग करपतो, जीवनसत्त्वे जातात, आणि दाई माश्यांच्या ग्रंथी नीट भरत नाहीत. मग राणीची उपासमार आणि जीवाणूंचा अभाव हे दोन परिणाम एकमेकांत मिसळतात. मार्ग गॅमा किरणांचा. तुर्भे येथील आयसोमेड संयंत्रात १९७४ पासून वैद्यकीय साहित्य याच पद्धतीने निर्जंतुक होते आणि त्यासाठीची प्रचलित मात्रा २५ किलोग्रे आहे. परागालाही तीच मागायची. लासलगावला कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून देतात ती मात्रा याच्या शेकडो पट कमी असते, तिने जीवाणू मरत नाहीत. अर्ज भरताना मात्रेचा आकडा स्वच्छ लिहावा, ‘किरणोत्सारित’ एवढा शब्द पुरत नाही.

पराग १०० ग्रॅमच्या दुहेरी पिशव्यांत, हवा काढून. पिशवी उघडली की तीच त्या दिवसाची. उरलेला पराग परत वापरायचा नाही. साखरेचा पाक १:१, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून. घट्ट पाकाने गाळणी चोंदते, म्हणून आधी ०.४५ मधून गाळून घ्यावा.

२ ऑक्टोबर

अळ्यांचे कलम, म्हणजे कोवळी अळी उचलून राणीच्या कपात ठेवणे. राण्यांच्या आईच्या पेटीत चार दिवस आधी एक रिकामी काढीव (घरे बांधून तयार) चौकट राणीसकट जाळीत कोंडली होती, त्यामुळे अळ्यांचे वय निश्चित आहे. अळी १२ ते २४ तासांची, राजान्नात तरंगणारी, स्वल्पविरामाएवढी वळलेली. त्याहून मोठी घेतली तर राणी होते, पण अंडनलिका (अंडाशयातल्या अंडी तयार करणाऱ्या नळ्या) कमी राहतात. चांगल्या मेलिफेरा राणीच्या प्रत्येक अंडाशयात दीडशेहून जास्त अंडनलिका असतात, कामकरीत जेमतेम २ ते १२. हा आकडा अळीच्या वयात आणि खुराकातच ठरतो, पुढे वाढत नाही. म्हणून अळीच्या वयात ढिलाई झाली तर नंतर जीवाणूंच्या नावावर जे काही दिसेल ते खोटे ठरू शकते.

उचलताना अळीची बाजू पालटू नये. एकाच बाजूने ती श्वास घेते, उलटली की राजान्नात बुडून मरते. खोली ओलसर ठेवली, कपांवर ओला फडका. बिनराणीच्या पालक-वसाहतीत कोवळ्या माश्या ठासून भरल्या आहेत. तिला प्रतिजैविक अजिबात नाही, गेल्या हंगामातही दिलेले नाही. ही अट सर्वांत महत्त्वाची. ऑक्सिटेट्रासायक्लिन पाकातून द्यायची सवय काही ठिकाणी अजून आहे. टेट्रासायक्लिन दिलेल्या कामकरी माश्यांचे आतड्यातले जीवाणू घटतात आणि पेटीत परतल्यावर त्या लवकर मरतात, हे टेक्सासमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले आहे. राणी याच माश्यांच्या तोंडून खाते.

५ ऑक्टोबर

जीवाणू नसलेल्या दाई माश्या तयार करणे. बंद पिलाव्याची चौकट इनक्युबेटरमध्ये ठेवून माश्या आपोआप बाहेर येऊ देणे पुरत नाही. झाकण कुरतडताना आणि पोळ्यावर फिरताना त्यांना जुन्या माश्यांचे जीवाणू लागतात. म्हणून झाकण बारीक चिमट्याने उचलून, डोळे काळे व अंग राखाडी झालेला कोष हाताने काढायचा आणि निर्जंतुक डब्यात टिपकागदावर ठेवायचा. ३४.५ अंश, आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास. त्याहून लवकरचे, पांढरे कोष काढले तर पंख वाकडे येतात. सोंड किंवा पाय चिमट्यात सापडलेला कोष लगेच बाजूला करावा. तो एक दोन दिवसांत मरतो आणि सडून सबंध डबा बिघडवतो.

गट असे:

क – दाई माश्यांना पूर्ण जीवाणू-समूह. सुदृढ वसाहतीतल्या पाच दाई माश्यांची मागची आतडी १ मिली बफरमध्ये घोटून, तेवढ्याच पाकात मिसळून, परागावर शिंपडली.

ख – तीच आतडी घोटून, उकळून मारलेली. नुसता पाक दिला असता तर क गटाला मिळणारी जादा प्रथिने ख ला मिळाली नसती.

ग – ख प्रमाणेच, पण राणी कोषातून बाहेर आल्यावर तिला बॉम्बेलाचे संवर्धन राजान्नातून. एमआरएस माध्यमात ३४ अंशांवर वाढवलेले, धुऊन घेतलेले.

ग गटाचे कारण: २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात बॉम्बेला एपिस निकृष्ट खुराकावरच्या अळ्यांना लायसीन पुरवतो असे दिसले आहे. जो जीवाणू अळीला अमिनो आम्ल देतो तो राणीलाही देत असेल का, हा रास्त प्रश्न आहे. भर हंगामात दिवसाला दीड हजार अंडी घालणाऱ्या राणीला प्रथिनांची गरज केवढी असेल ते सांगायला नको.

१२ ते १४ ऑक्टोबर

कलमानंतर दहाव्या दिवशी राणीघरे इनक्युबेटरमध्ये, प्रत्येक वेगळ्या कुपीत. घरे टोक खाली ठेवूनच न्यावीत. हिसका बसला तर कोषातल्या राणीचे पंख चिमटतात. राण्या बाराव्या दिवशी बाहेर आल्या. प्रत्येकीला हिरवा ठिपका (४ ने संपणाऱ्या वर्षाचा ठरलेला रंग), वजन, आणि ठरलेल्या गटाच्या ६० दाई माश्यांबरोबर पिंजरा. गट चिठ्ठ्या टाकून ठरवले, वजन बघून नाही.

दाई माश्या आज सुमारे आठवडाभराच्या आहेत, ग्रंथी भरलेल्या. पाच दिवसांच्या आतल्या माश्या राणीला पुरेसे राजान्न देऊ शकत नाहीत, आणि दोन आठवड्यांपुढच्यांच्या ग्रंथी आटू लागतात.

हातमोजे गटागणिक बदलायचे. ख गटाचे पिंजरे नेहमी आधी हाताळायचे, क सर्वांत शेवटी.

२३ ऑक्टोबर

कृत्रिम रेतन. नैसर्गिक मिलन मुद्दाम टाळले. राणी हवेत सरासरी डझनभर नरांशी मिलन करते, पण एखादी पाचांवरच परत येते, आणि वेडा राघू तारेवर बसलेला असला तर परतही येत नाही. शुक्राणू साठवून ठेवणाऱ्या शुक्रकोषातली तफावत तिथेच शिरते.

प्रत्येक राणीला ८ मायक्रोलीटर वीर्य. एका नराकडून साधारण १ मायक्रोलीटर निघते, तेही सगळे उचलता येत नाही. चारही वसाहतींतल्या नरांचे वीर्य एकत्र करून तेच सगळ्या राण्यांना. नर दाबताना विष्ठा बाहेर आली तर तो नर सोडून द्यायचा. विष्ठेचा अंश वीर्यात गेला की राणीच्या अंडवाहिनीत संसर्ग होतो आणि ती आठवडाभरात मरते.

हाच धोका टाळण्यासाठी रेतनाच्या खारट द्रावणात नेहमी स्ट्रेप्टोमायसिनसारखे प्रतिजैविक घालतात. या प्रकल्पात ते घातलेले नाही. त्याऐवजी द्रावण गाळून, नळी दर राणीनंतर बदलून काम केले. वेळ दुप्पट लागतो. ज्यांना एवढा वेळ नाही त्यांनी प्रतिजैविक वापरावे, पण मग सगळ्या गटांना सारखेच, आणि तसे लिहून ठेवावे. या विषयावरचे लेख वाचताना द्रावणाचा घटकतक्ता शोधून बघण्यासारखा असतो.

भुलीसाठी कार्बन डायऑक्साइड, आज एकदा आणि उद्या पुन्हा. त्याने अंडी घालणे लवकर सुरू होते. राण्या ३४ अंशांवरच. शुक्राणू अंडवाहिन्यांतून शुक्रकोषात सरकायला सुमारे ४० तास लागतात आणि राणी गार पडली तर ते मागेच राहतात.

२६ ऑक्टोबर

राण्या छोट्या पेट्यांत. प्रत्येक पेटीत ३०० ग्रॅम माश्या, एकाच मोठ्या मिसळीतून. दाराला राणीरोधक जाळी, नाहीतर रेतन झालेली राणीही बाहेर पडून पुन्हा मिलन करते.

इथून पुढे सर्व गटांना सारख्याच माश्या भरवणार, म्हणजे ख गटालाही जीवाणू मिळणार. हे टाळता येत नाही. उघड्यावरची वसाहत निर्जंतुक राहत नाही. त्यामुळे प्रश्नाची व्याप्ती इतकीच उरते: पहिल्या बारा दिवसांत जीवाणू मिळाले की नाही याची खूण अंडाशयावर पुढेही राहते का. त्याहून मोठा दावा या मांडणीतून करता येणार नाही.

२५ नोव्हेंबर

पिलाव्याची पाहणी. तूर फुलली आहे, पराग भरपूर येतो. मोजणी अशी: पोळ्यावर दहा बाय दहा घरांचा चौकोन आखून पारदर्शक कागदावर उतरवायचा, सर्व घरांत अंडी असल्याची खात्री करायची आणि चार दिवसांनी त्याच घरांत अळ्या किती ते बघायचे. पुढे झाकण बसल्यावर पुन्हा.

रिकाम्या घरांचा अर्थ लावताना जपावे लागते. राणी आणि नर यांचे लिंगनिश्चितीचे जनुकरूप जुळले तर त्या नराच्या निम्म्या संततीत द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेले) नर होतात आणि कामकरी माश्या त्या अळ्या लहानपणीच खाऊन टाकतात. पोळे चाळणीसारखे दिसते आणि दोष राणीच्या अंडाशयावर येतो. नर परक्या वसाहतींतून घेतले ते यासाठी. शिवाय अंडे उबलेच नाही, की उबलेली अळी काढून टाकली, हे दोन वेगळे रकाने हवेत. एकाच ‘नुकसान’ रकान्यात दोन्ही टाकले तर तक्ता निरुपयोगी.

१० डिसेंबर

नमुने घेणे. राणी थेट पोळ्यावरून, अंडी घालत असताना. पिंजऱ्यात ठेवून नंतर एकत्र आणण्याचा मोह होतो, पण अंडी घालणे थांबले की एक दोन दिवसांतच अंडाशय आकसते. पार्सलने आलेल्या राणीचे हलके अंडाशय हा प्रवासाचा परिणाम असतो. उष्णतेचेही तसेच: ३८ अंशांच्या वर काही तास गेले तर शुक्रकोषातले शुक्राणू मरू लागतात, आणि राणी मात्र बाहेरून ठणठणीत दिसते. बंद गाडीत उन्हात ठेवलेला डबा त्यासाठी पुरेसा असतो.

राणी बर्फावर, लगेच प्रयोगशाळेत. शुक्राणू जिवंत मोजायचे असल्याने गोठवायच्या आधी शुक्रकोष काढावा लागतो.

११ डिसेंबर

विच्छेदनाचा क्रम, पुढच्यांसाठी सविस्तर.

कामकरी माशीचे आतडे नांगी धरून ओढले की अखंड बाहेर येते. राणीत तसे करू नये. पोटाचा बहुतेक भाग अंडाशयांनी भरलेला असतो, ओढले की अंडनलिका फाटतात आणि आतडे मध्येच तुटून त्यातला द्रव सगळीकडे पसरतो. राणी ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून, निर्जंतुक पाण्याने धुऊन, मेणाच्या ताटलीत छातीला दोन टाचण्या. पोटाच्या दोन्ही कडांनी बारीक कात्रीने पाठीच्या पट्ट्या कापून झाकणासारख्या उचलायच्या. त्या पट्ट्यांना चिकटलेले मेदपिंड खरवडून वेगळ्या नळीत, द्रव नायट्रोजनमध्ये: व्हिटेलोजेनिनचे (अंड्यातल्या पीतकासाठीचे प्रथिन) मोजमाप त्यातून.

आधी शुक्रकोष. मागच्या टोकाशी, सव्वा मिलिमीटर व्यासाचा गोल मणी, श्वासनलिकांच्या पांढऱ्या जाळीत गुंडाळलेला. जाळी दोन चिमट्यांनी सोलली की आतला रंग दिसतो. कुमारी राणीचा काचेसारखा स्वच्छ, शुक्राणूंनी भरलेला दुधट, त्यात भोवऱ्यासारख्या रेषा. १ मिली बफरमध्ये फोडायचा. साध्या पाण्यात फोडला तर शुक्राणू फुगून मरतात. सायबर-१४ आणि प्रोपिडियम आयोडाइड हे दोन रंग, अंधारात दहा मिनिटे. हिरवे जिवंत, लाल मेलेले. दोन्ही रंग एकत्र दिसणारे शुक्राणू मरणाऱ्यांत धरले. एकूण संख्या न्यूबावर कक्षात (पेशी मोजायची रेखांकित काच). पूर्ण भरलेल्या राणीत ५० ते ७० लाख, ३० लाखांच्या खाली असेल तर रेतन अपुरे. अशी राणी अंडाशयाच्या तुलनेत ठेवायची, शुक्रकोषाच्या तुलनेतून वगळायची.

मग अंडाशये, टिपकागदावर ओलावा टिपून वजन. शेवटी आतडे, तीन तुकड्यांत: मध्यांत्र, इलियम, गुदाशय. मध्यांत्र आणि इलियम यांच्या सांध्यावर मालपिघी नलिकांचा झुबका असतो, तीच खूण. तिन्ही एकत्र घोटले तर गुदाशयातली प्रचंड संख्या इलियममधले सगळे झाकून टाकते.

६ जानेवारी २०२५

डीएनए. फर्म-५ आणि बायफिडोबॅक्टेरियम यांच्या पेशीभित्ती जाड असतात, नुसत्या रासायनिक द्रावणाने फुटत नाहीत. लायसोझाइम ३७ अंशांवर ३० मिनिटे आणि मग ०.१ मिलिमीटरच्या मण्यांबरोबर जोरात हलवणे. ही पायरी गाळली तर बॉम्बेला, कॉमेनसॅलिबॅक्टर यांचा वाटा फुगलेला दिसतो आणि ‘राणीत लॅक्टोबॅसिलस कमी’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

नमुन्यांच्या दर तुकडीबरोबर दोन कोऱ्या नळ्या: एक विच्छेदनाच्या ताटलीतल्या पाण्याची, एक नुसत्या रसायनांची. राणीच्या इलियममध्ये जीवाणू इतके थोडे असतात की संचातलेच दूषण नमुन्याएवढे दिसू शकते.

२० जानेवारी

१६एस (जीवाणू ओळखण्यासाठी वाचतात ते जनुक) याच्या व्ही४ भागाच्या क्रमवारीबरोबर क्यूपीसीआर (जनुकाच्या प्रती मोजण्याची पद्धत) चालू. क्रमवारी फक्त टक्केवारी देते. एक जीवाणू घटला की बाकीचे आपोआप वाढल्यासारखे दिसतात. एकूण १६एस प्रती मोजून टक्केवारीला त्यांनी गुणले की खरे आकडे मिळतात. त्यातही स्नॉडग्रासेला आणि गिलियामेला यांच्या एका पेशीत या जनुकाच्या चार प्रती, इतर काहींत कमी, म्हणून भागाकार जीवाणूगणिक वेगळा.

इलियममध्ये स्नॉडग्रासेलाचा संकेत तिन्ही गटांत कोऱ्या नळीच्या वर येत नाही. अपेक्षित होते. त्यामुळे नमुन्यात कामकरी माशीची घाण मिसळलेली नाही याचीही खात्री होते. एखाद्या राणीच्या इलियममध्ये तो भरभरून दिसला तर आधी नळीवरची चिठ्ठी तपासावी.

व्ही४ एवढ्या छोट्या तुकड्यावरून फर्म-५ मधल्या जाती वेगळ्या करता येत नाहीत. त्यासाठी निवडक नमुन्यांचे संपूर्ण जीनोम लागेल.

८ फेब्रुवारी

विश्लेषणाचे नियम आकडे उघडण्याआधी लिहून कुलूपबंद केले. मुख्य माप एकच: अंडाशयाचे वजन, राणीच्या जन्मावेळच्या वजनाने समायोजित. शुक्राणूंची जिवंत टक्केवारी, व्हिटेलोजेनिन, अंडी उबण्याचे प्रमाण ही दुय्यम. पालक-वसाहत आणि विच्छेदन करणारा हात हे दोन्ही घटक गणितात.

व्हिटेलोजेनिन ठेवण्यामागचा विचार: कामकरी माशीत आतड्यातले जीवाणू परागातून अ‍ॅसिटेटसारखी लघु मेदाम्ले तयार करतात आणि इन्सुलिनसदृश संप्रेरके व व्हिटेलोजेनिन यांची जनुके वाढत्या जोमाने काम करतात, हे २०१७ मध्ये दाखवले गेले आहे. व्हिटेलोजेनिन म्हणजे अंड्यातल्या पीतकाचा कच्चा माल. मेदपिंडात तयार होऊन तो रक्तरसातून अंडाशयात जातो. पण तो मार्ग पराग खाणाऱ्या, स्नॉडग्रासेलावाल्या आतड्यातला आहे. राणी पराग खात नाही. तिच्यात हा दुवा असलाच तर तो दाई माशीतून जात असावा: जीवाणू दाई माशीच्या आतड्यात, पचलेल्या परागाचे राजान्न तिच्या ग्रंथीत, आणि परिणाम राणीच्या अंडाशयात.

क आणि ख मधला फरक या दोन्ही वाटांनी येऊ शकतो. ग गट त्यातली एक वाट उघडी ठेवतो. त्यात दाई माश्या जीवाणूंविना, बॉम्बेला फक्त राणीला. ग जर ख सारखाच राहिला आणि क वेगळा निघाला, तर शोध राणीच्या आतड्यापेक्षा दाई माशीच्या आतड्यात घ्यावा लागेल. त्यासाठी त्या पिंजऱ्यांतल्या दाई माश्यांची डोकी आणि आतडी उणे ८० अंशांत ठेवलेली आहेत. ग्रंथींचे आकार मोजायचे काम कांद्याच्या बियाणे-पिकावर पेट्या हलवण्याआधी सुरू करायचे. चाळीस दिवसांच्या हिशेबाने पुढच्या तुकडीच्या नरांच्या चौकटीही याच आठवड्यात द्यायच्या आहेत.